प्रकाशही ताणला जातो, मग मोजायचं कशानं? किनाऱ्यावरच्या एका इंटरफेरोमीटरचं प्रकरण

रत्नागिरी तालुक्यात समुद्राला लागून असलेलं एक महाविद्यालय. भौतिकशास्त्र विभागानं विज्ञान प्रदर्शनासाठी मायकेलसन इंटरफेरोमीटर मांडला होता. अमेरिकेतली लायगो वेधशाळा गुरुत्वीय लहरी ज्या तत्त्वावर टिपते, ते शाळकरी मुलांना डोळ्यांनी दाखवायचं, एवढाच हेतू. मांडणीत ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड लेसर, मध्ये ४५ अंशांत बीम स्प्लिटर (किरण दोन वाटांना विभागणारी काच) आणि काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी साधारण ३० सेंटिमीटर. टोकांना पुढच्या बाजूनं मुलामा दिलेले आरसे. परत आलेले दोन किरण एकमेकांवर आणून भिंगातून भिंतीवर टाकले की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. सगळं एका अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर, प्लेट लाकडी टेबलावर, टेबल खिडकीपाशी. दिवस पावसाळ्याचे.

तालमीतच दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली, पट्टे क्षणभर स्थिर राहीनात. कधी एकाच दिशेनं सरकत राहायचे, कधी पाच-दहा सेकंदांच्या लयीत पुढेमागे डोलायचे, कधी पुसट होऊन एकदम नाहीसे व्हायचे. बाहेर खवळलेला समुद्र होताच. त्यामुळे ‘लाटांनी जमीन हलते, म्हणून पट्टे हलतात’ हे निदान सगळ्यांना लगेच पटलं.

दुसरी अडचण बारावीच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाची. माहितीफलकावर लिहिलं होतं, ‘गुरुत्वीय लहर अवकाश ताणते, त्यामुळे एक भुजा लांब होते, दुसरी आखूड होते आणि पट्टे सरकतात.’ तिनं विचारलं, “सर, अवकाश ताणलं तर त्यातला प्रकाशही ताणला जाईल ना? मोजपट्टीच ताणली गेली तर लांबी वाढल्याचं कळणार कसं?” प्रश्न रास्त आहे, आणि फलकातल्या वाक्यात त्याचं उत्तर नाही. या दोन अडचणींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून त्या एकत्रच सोडवायला हव्यात.

समुद्र दोषी आहे का?

आधी समुद्राचा हिशेब. लाटांमुळे जमिनीत सूक्ष्म कंपनं होतात हे खरं आहे. त्यांचा आवर्तकाल साधारण ३ ते २० सेकंद असतो आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात त्यांचा जोर वाढतो. किनाऱ्यावरची जमीन ५ मायक्रोमीटर हलते, असं सढळ हातानं धरू. पण या कंपनाची जमिनीतली तरंगलांबी दहा-पंधरा किलोमीटर असते. तीस सेंटिमीटरची मांडणी त्यावर एकजुटीनं हलते. दोन आरशांमधलं अंतर बदलतं ते फक्त तरंगाच्या उतारापुरतं. १५ किलोमीटर तरंगलांबी धरून हा बदल ०.६ नॅनोमीटर येतो. एक पट्टा सरकायला आरसा अर्धी तरंगलांबी, म्हणजे ३२५ नॅनोमीटर हलावा लागतो. म्हणजे समुद्राचा वाटा पट्ट्याच्या पाचशेव्या भागाइतका. तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

लायगोच्या बाबतीत हाच समुद्र खरा त्रास देतो, कारण तिथे भुजा ४ किलोमीटरच्या आहेत. तेवढ्या अंतरात जमीन दोन टोकांना वेगवेगळी हलते, फरक काही मायक्रोमीटरचा पडतो. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी लुइझियानातली लिव्हिंग्स्टनची वेधशाळा मेक्सिकोच्या आखातापासून फार लांब नाही, आणि समुद्र खवळला की तिथलं काम अवघड होतं.

मग पट्टे हलवतं कोण? इथे नुसता अंदाज बांधून भागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते.

एका दिशेनं सरकत राहणारे पट्टे लेसरमुळे होते. डायोड लेसर चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं तापत जातो, आणि लाल डायोडची तरंगलांबी सरासरीनं दर अंशाला ०.२ नॅनोमीटर वाढते. दोन्ही भुजा अगदी सारख्या असतील तर याचा काहीच परिणाम होत नाही, कारण दोन्ही किरणांत सारखाच बदल होतो. इथे एक भुजा दुसरीपेक्षा एक सेंटिमीटरनं लांब राहिली होती. जाता-येता दोन सेंटिमीटरचा फरक, त्यात जवळजवळ ३१,००० तरंग बसतात. तरंगलांबी ६५० मध्ये ०.२ नं बदलली की नऊ-साडेनऊ पट्टे सरकतात. लेसर तीन अंश तापला की पंचवीस-तीस पट्टे गेले. पट्टे अचानक नाहीसे होण्याचं कारणही हेच: तापताना डायोड एका कंप्रतेवरून दुसरीवर उडी मारतो आणि मधल्या क्षणी एकाच वेळी दोन-तीन कंप्रता देतो.

पारख करायची रीत सोपी आहे. लेसरच्या धातूच्या नळीला बोटांची ऊब द्यायची. पट्टे धावू लागले तर भुजा असमान आहेत. मग एक आरसा मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकवत पट्ट्यांतला काळा भाग सर्वांत काळा दिसेल तिथे थांबायचं. इथे भुजा जुळवल्यावर बोटांच्या उबेनं होणारी धावाधाव जवळजवळ थांबली.

पुढेमागे डोलण्याचं कारण हवा निघाली. हवेचा अपवर्तनांक तापमानाच्या दर अंशाला दहा लाखात जेमतेम एकानं कमी होतो. एकाच भुजेतली ३० सेंटिमीटर हवा एका अंशानं तापली तर पाऊण-एक पट्टा सरकतो. लेसरचा वीजपुरवठा करणारा डबा नेमका एका भुजेच्या कडेला ठेवलेला होता; त्याच्या उबेचे झोत राहून राहून त्या भुजेतून वर जात होते. बाहेरच्या लाटांशी त्यांची लय जुळल्यासारखी वाटली, हा योगायोग. डबा टेबलाखाली नेला आणि मांडणीवर थर्मोकोलचं झाकण घातलं, तेव्हा डोलणं थांबलं. छताचा पंखा चालू असताना पट्ट्यांवर जी थरथर येते, तीही झाकणानं बरीच कमी होते. तरी प्रयोगाच्या वेळी पंखा बंदच ठेवावा.

दुपारी ऊन निघालं की पट्टे पुन्हा सरकायचे. खिडकीतलं ऊन प्लेटच्या एका बाजूवर पडायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन भुजांत अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी साडेतीन मायक्रोमीटर, म्हणजे दहा-अकरा पट्टे. प्लेटऐवजी ग्रॅनाइटची जाड लादी घेतली. ग्रॅनाइट अ‍ॅल्युमिनियमच्या एक तृतीयांशच प्रसरण पावतो, शिवाय जड असल्यानं हळू तापतो. लादीखाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब ठेवली, म्हणजे चालणाऱ्या माणसांचे हादरे अडतात. ट्यूब टणक फुगवली तर उपयोग होत नाही. अंगठ्यानं सहज दबेल इतपतच हवा हवी.

किनाऱ्यावरचा खास त्रास म्हणजे दमट खारट हवा. ३३ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २९ अंशांच्या आसपास असतो. वातानुकूलित खोलीतून २४ अंशांचा आरसा बाहेर आणला की त्यावर लगेच बाष्प धरतं. असं बाष्प पुसू नये, आरसा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. पुढच्या बाजूचा मुलामा उघडा असतो, त्यावर मिठाचे कण बसलेले असताना पुसलं तर ओरखडे कायमचे पडतात. काम झालं की आरसे आणि बीम स्प्लिटर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचे, नाहीतर एका पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न

वरच्या तपासातून एक गोष्ट हाती आली आहे. पट्टे लांबी मोजत नाहीत. एका भुजेतून परतलेला तरंगाचा उंचवटा दुसऱ्या भुजेतून परतलेल्या उंचवट्याच्या आधी पोहोचला की नंतर, हे ते सांगतात. लेसर हे इथलं घड्याळ आहे. म्हणूनच भुजा असमान असताना त्याची चाल बदलली की पट्टे सरकले, आणि समान केल्यावर सरकणं थांबलं.

दाभोळ आणि धोपावे यांच्यामधली फेरीबोट घ्या. समजा, दाभोळहून वेळापत्रकानुसार ठरावीक अंतरानं बोटी सुटतात, सगळ्यांचा वेग अगदी एकच, आणि त्या पलीकडे टेकून लगेच परततात. आता खाडी हळूहळू रुंदावू लागली. त्या वेळी पाण्यात असलेल्या बोटींमधलं अंतर किंचित वाढेल, हे खरं. पण त्या बोटी थोड्याच वेळात परत येऊन जातील. नंतरच्या बोटी पुन्हा वेळापत्रकानुसारच सुटतील, कारण धक्क्यावरचं घड्याळ ताणलं गेलेलं नाही. मात्र त्यांना आता जास्त पाणी कापावं लागतं, म्हणून त्या उशिरा परततात. धक्क्यावरचा माणूस हा उशीर मोजतो; पाण्यातल्या दोन बोटींमधलं अंतर मोजायला तो जातच नाही.

प्रकाशाला लायगोची एक भुजा जाऊन-येऊन पार करायला २६.७ मायक्रोसेकंद लागतात. गुरुत्वीय लहर १०० हर्ट्झची असेल तर तिचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढ्या वेळात प्रकाशाच्या पावणेचारशे फेऱ्या होतात. एका फेरीपुरती लहर जवळजवळ गोठलेलीच असते. विकृती, म्हणजे दोन भुजांच्या लांबींत पडणारा सापेक्ष फरक (प्रत्येक भुजेच्या वाट्याला त्याच्या निम्मा), १०च्या उणे २१ व्या घाताइतकी धरली तर एका भुजेच्या फेरीतला उशीर त्या घाताला १३.३ मायक्रोसेकंदांनी गुणून मिळतो. दुसरी भुजा त्याच वेळी आखूड होते, तिथला प्रकाश तेवढाच लवकर येतो. परतलेल्या प्रकाशाच्या कंप्रतेतला बदल हा या उशिराच्या वाढीचा दर असतो, आणि तो येतो सुमारे १०च्या उणे २३ व्या घाताइतका, विकृतीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ‘अवकाश जितकं ताणलं तितकाच प्रकाशही ताणला गेला आणि दोन्ही एकमेकांना खाऊन गेले’ हे म्हणून चुकतं. भुजेत ताज्या, न ताणलेल्या प्रकाशाची भर सतत पडत असते.

लहर इतकी वेगवान असेल की एका फेरीत तिचं पूर्ण आवर्तन होऊन जाईल, तर मात्र शंका वेगळ्या रीतीनं खरी ठरते. जाताना झालेला उशीर येताना भरून निघतो. चार किलोमीटरच्या भुजेवर सरळ वरून येणाऱ्या लहरीसाठी ही कंप्रता ३७.५ किलोहर्ट्झ आहे. त्या लहरीला एकेरी फेरीचा इंटरफेरोमीटर आंधळा असतो.

हे गणित मांडायच्या दोन रीती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. एका रीतीत मोकळे टांगलेले आरसे आपापल्या निर्देशांकांवर स्थिर धरतात आणि मधल्या प्रवासाला लागणारा वेळ बदलतो. दुसरीत अवकाश साधं धरतात आणि लहर आरशांना भरती-ओहोटीसारख्या बलानं ढकलते. भुजा लहरीच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तोवर उंचवटे पोहोचण्याची वेळ दोन्हींत एकच येते. शाळेतल्या मुलांना दुसरी रीत सांगावी असं आमचं मत आहे. पहिली सांगताना ‘प्रकाश ताणला जातो’ हे शब्द तोंडी येतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

टेबलावर लहर का दिसत नाही

आकड्यांचं उत्तर छोटं आहे. ३० सेंटिमीटरच्या दोन भुजांत फरक पडेल ३ गुणिले १०चा उणे २२ वा घात मीटर, म्हणजे पट्ट्याच्या १०च्या उणे १५ व्या घाताइतका. पण याहून मूलभूत कारण दुसरं आहे, आणि ते फलकावर असायला हवं: टेबलावरचे आरसे मोकळे नाहीत. ते लादीला स्क्रूनं घट्ट बसवलेले आहेत. लहर त्यांना ढकलू लागली की दगडाची लवचीकता त्यांना धरून ठेवते. लादीची स्वतःची कंप्रता एक किलोहर्ट्झच्या वर असेल तर १०० हर्ट्झच्या लहरीला तिचा प्रतिसाद शंभराव्या भागाहूनही कमी राहतो. आरशांमधलं अंतर बदललं नाही, की प्रकाशाची परतण्याची वेळही बदलत नाही. लहर तर त्या प्रकाशातूनही जातेच आहे, तरी पट्टा हलत नाही. प्रकाश एकटा ताणला जाऊन काही घडत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

म्हणून लायगोत ४० किलो वजनाचे काचेचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले असतात. लोलकाच्या स्वतःच्या कंप्रतेच्या बऱ्याच वर आरसा आडव्या दिशेनं मोकळा असल्यासारखा वागतो, आणि जमिनीचे हादरेही तिथे गाळले जातात. ४ किलोमीटरवर तीच विकृती दोन भुजांत ४ गुणिले १०चा उणे १८ वा घात मीटर इतका फरक पाडते, प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाइतका. प्रत्येक भुजेत आणखी एक आरसा बसवून प्रकाश सुमारे ३०० वेळा खेळवतात, त्यामुळे १,०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशात कलेचा (फेजचा) फरक १०च्या उणे ८ व्या घाताइतक्या रेडियनपर्यंत वाढतो. आणि घड्याळाचा प्रश्न तिथेही आहेच: लेसरच्या कंप्रतेला शिस्त लावायला दोन्ही भुजांची सामाईक लांबी वापरतात, आणि लहर शोधतात ती दोघींमधल्या फरकात.

बदललेली मांडणी

डायोडच्या जागी ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर आला. तोही चालू केल्यावर वीस-तीस मिनिटं स्थिरावत नाही. नळी तापून लांबते तसा पट्ट्यांचा ठळकपणा कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे वीज गेली की प्रयोग अर्धा तास मागे जातो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे गृहीत धरून इन्व्हर्टरची सोय करावी लागते. लेसर ५ मिलिवॅटच्या आतला, आणि किरण लहान मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला येणार नाही अशा उंचीवर.

एका भुजेचा आरसा बझरमध्ये असते तसल्या २७ मिलिमीटरच्या, व्होल्टेज दिलं की वाकणाऱ्या पिझो चकतीवर चिकटवला. चकती कडेनं धरायची आणि हलका, लहान आरसा मध्यावर एपॉक्सीच्या एका थेंबानं बसवायचा. पूर्ण पाठीवर चिकट पसरलं तर चकती वाकूच शकत नाही. व्होल्टेज हळूहळू वाढवत पट्टे मोजायचे. दर पट्ट्याला ३१६ नॅनोमीटर, यावरून आपल्या चकतीचं माप मिळतं. पट्ट्यांच्या जागी उजेड मोजणारा फोटोडायोड ठेवून आरसा अशा जागी आणायचा की उजेड सर्वाधिकाच्या निम्मा असेल, कारण तिथे उतार सर्वांत तीव्र असतो. आरसा १० नॅनोमीटर हलला की उजेड पूर्ण पल्ल्याच्या १० टक्क्यांनी बदलतो.

आता चकतीला १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीचा संकेत द्यायचा. त्या घटनेच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. सुमारे ०.२ सेकंदात कंप्रता ३५ वरून २५० हर्ट्झवर चढते. फोटोडायोडचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला दिला की ‘हुप्’ असा चढता आवाज येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जोर जास्त देणं. आरसा मध्यापासून ७९ नॅनोमीटरच्या पलीकडे गेला की उजेड उलटा फिरतो आणि मूळ संकेतात नसलेल्या कंप्रता आवाजात घुसतात. २० नॅनोमीटरच्या आत राहावं. मग पंखा चालू करून हा संकेत गोंगाटात बुडवायचा आणि संगणकावर मूळ संकेताशी ताडून तो पुन्हा बाहेर काढून दाखवायचा. ताऱ्यांच्या जोड्यांच्या लहरींसाठी ताडणीचे असे गाळणे (फिल्टर) कसे निवडावेत, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच काम केलं होतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होऊ घातलेल्या लायगो-इंडियाबद्दल सांगताना ही नावं मुलांना जरूर सांगावीत.

ताऱ्यांच्या प्रकाशाचं काय?

तालमीत आणखी एक शंका आली: प्रकाश अब्जावधी वर्षं लहरींतून येतो, तर त्याचं वाकणं साठत जाऊन ताऱ्यांची जागा हललेली का दिसत नाही? कारण ते साठत नाही. लहरही प्रकाशाच्याच वेगानं जाते. १७ ऑगस्ट २०१७ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकानं पोहोचले. गणित केलं तर वाटेतले बहुतेक परिणाम कटून जातात आणि उरतो तो प्रवासाच्या दोन टोकांपाशी असलेल्या लहरीचा. किरणाची दिशा साधारण विकृतीच्या आकड्याइतक्याच रेडियननं डुलते, त्याहून जास्त नाही.

वेळेच्या बाबतीत हीच दोन टोकं कामाला येतात. पल्सार म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारे, फिरणारे न्यूट्रॉन तारे; त्यांच्या ठोक्यांना होणारा उशीर पृथ्वीपाशी आणि पल्सारपाशी असलेल्या लहरींतल्या फरकावर ठरतो. पृथ्वीचा वाटा सगळ्या पल्सारना सामाईक असतो, आणि आकाशातल्या दोन पल्सारमधल्या कोनानुसार त्यांचे उशीर कसे जुळावेत हे हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी वापरणाऱ्या भारतीय गटानं युरोपीय गटासह २५ पल्सारच्या नोंदी एकत्र केल्या आणि जून २०२३ मध्ये अशा जुळणीचे पुरावे जाहीर केले. या लहरींचं एक आवर्तन वर्षानुवर्षं चालतं. प्रकाशाचा उशीर मोजायचा हेच तत्त्व, फक्त एक भुजा हजारो प्रकाशवर्षांची, आणि घड्याळ लेसरऐवजी पल्सारचं.

फलकावर शेवटी हा मजकूर गेला: ‘इथे आरसा पिझो चकती हलवते, गुरुत्वीय लहर नव्हे. आपण २० नॅनोमीटर हलवतो. खऱ्या लहरीनं लायगोत पडणारा फरक याच्या पाच अब्जाव्या भागाइतका असतो. पट्टे लांबी मोजत नाहीत, दोन वाटांनी आलेला प्रकाश किती मागेपुढे पोहोचला ते सांगतात. लहर मोकळ्या आरशांमधल्या प्रवासाची वेळ बदलते. आमचे आरसे घट्ट बसवलेले आहेत, म्हणून लहर इथूनही जात असली तरी या पट्ट्यांत दिसत नाही.’